लिंक शे का?

'लिंक नाही' हे दोन शब्द ज्या महापुरुषानं पहिल्यांदा उच्चारले, त्याचा एखादा अर्धपुतळा प्रत्येक कचेरीच्या दारात बसवायला हरकत नाही. त्याच्याआधी कारकुनाचं आयुष्य फार कष्टाचं होतं. समोरच्याला परत पाठवायचं तर दर वेळी नवी सबब शोधावी लागे. "साहेब दौऱ्यावर आहेत" म्हणावं, तर नेमके तेव्हाच साहेब आतून खाकरत. "फाइल वर गेलीय" म्हणावं, तर ती टेबलावरच चहाच्या कपाखाली दिसे. "उद्या या" म्हणावं, तर लोक खरोखरच उद्या येत. या सगळ्या सबबींना कुठं ना कुठं एक माणूस चिकटलेला असे, आणि माणूस आला की भांडण आलंच. 'लिंक नाही' या वाक्यात माणूसच नाही. पाऊस नाही, तशी लिंक नाही. भांडणार कोणाशी? ऐकणाराही "बरं" म्हणतो आणि छत्री उचलून निघतो.

हे वाक्य मी शिकलो नामपूरला. नाशिक जिल्ह्यातला बागलाण तालुका, मोसम नदीचा काठ. नाशिकपासून शंभरावर किलोमीटर. कांद्याची बाजारपेठ, आसपास डाळिंबाच्या बागा, आणि लोकांच्या तोंडी अहिराणी. आपण जिथं 'आहे' म्हणतो, तिथं अहिराणीत 'शे' म्हणतात. एका अक्षरात काम भागवणारी भाषा मी दुसरी पाहिलेली नाही. तिथं एका संस्थेच्या शाखेत मी कारकून होतो. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण तिचा यात काही दोष नव्हता. दोष कोणाचा होता, हे सांगण्यासाठीच तर हा सगळा प्रपंच.

शाखेत सहा संगणक होते. या सहांना मुख्य कचेरीशी बोलायचं असलं की ते एका सातव्यामार्फत बोलत. या सातव्याला 'गेटवे' म्हणायचं. एक जुना पेंटियम संगणक. त्याच्या एका बाजूला आतली वायर, दुसऱ्या बाजूला मोडेम आणि टेलिफोनची तार. आतल्यांचा निरोप बाहेर न्यायचा आणि बाहेरच्यांचा आत आणायचा, एवढंच त्याचं काम. जुन्या वाड्यात देवडीवर शिपाई असे ना, तसा. पुढं साहेबांच्या संगणकाचा मॉनिटर गेला, तेव्हा "या सातव्याकडे कोण बघतंय?" असं म्हणून त्याचा मॉनिटर साहेबांच्या केबिनमध्ये नेण्यात आला. शिपाई देवडीवर होता, पण त्याच्या तोंडावर पट्टी बांधलेली होती. एवढी गोष्ट लक्षात ठेवा.

मी संगणकाचा तीन महिन्यांचा कोर्स केला होता. वासरांत लंगडी गाय शहाणी या न्यायानं त्या सातही यंत्रांची देखभाल माझ्याकडे आली.

ऑगस्ट २००३ मध्ये लिंक बिघडली. म्हणजे कायमची गेली असती तर काही तक्रार नव्हती. आपण जुन्या खतावण्या काढल्या असत्या आणि पूर्वीसारखं काम केलं असतं. पण ती जायची आणि यायची. दोनदोन दिवस उत्तम चालायची, आणि गर्दीच्या दिवशी नेमकी गळपटायची. तासाभरानं आपली आपण परत यायची. बरं, आल्यावर कुठं गेली होती ते सांगायची नाही.

प्रत्येकानं आपापल्या स्वभावाप्रमाणे कारण शोधलं. रोखपालांचं मत, व्होल्टेज. साहेबांचं मत, टेलिफोनची तार. शिपायानं उंदीर असल्याचं जाहीर केलं, आणि एका शनिवारी गेटवेला लिंबू-मिरची बांधली. मी शास्त्रीय दृष्टीचा माणूस असल्यामुळे लिंबू-मिरचीला हसलो, आणि गेटवे बंद करून पुन्हा चालू केला. माझाही उपाय त्याच जातीचा होता, हे मला तेव्हा कळलं नाही. बंद करून चालू केल्यावर लिंक कधी येई, कधी येत नसे. पावसासाठी उपास केल्यासारखं. पडला तर उपासामुळे, नाही पडला तर उपासात खोट.

या रोगात एक माणूस हवा असतो. नुसत्या व्होल्टेजवर राग धरता येत नाही. अमेरिकेत ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या संगणकात बिघाड शोधताना एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. तिथल्या लोकांनी तो किडा नोंदवहीत चिकटवला आणि खाली लिहून ठेवलं, की किडा प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना. यंत्रातल्या दोषाला 'किडा' म्हणण्याची रीत त्यांच्याकडे आधीपासून होती, म्हणून तर हा विनोद. पण मला त्या लोकांचा हेवा वाटतो. दोष सापडला, मेलेला होता, आणि वहीत चिकटवता आला. असा सोयीचा दोष फार थोड्यांच्या नशिबी असतो.

आम्हाला पतंग मिळाला नाही, म्हणून आम्ही लाइनमन पकडला. टेलिफोनवाल्यांकडचा हा गृहस्थ चाळिशी ओलांडलेला होता. तक्रार गेली की सायकलवरून यायचा, भर पावसात खांबावर चढायचा, खाली उतरून फोन कानाला लावायचा आणि म्हणायचा, "लाइन क्लिअर शे, साहेब." मी विचारी, "लाइन क्लिअर आहे, तर लिंक का नाही?" यावर त्याच्याकडे उत्तर नसे. उत्तर नसलेला माणूस गुन्हेगार दिसतो. नऊ महिन्यांत त्याच्याविरुद्ध अकरा लेखी तक्रारी गेल्या. माझं अक्षर चांगलं म्हणून अकराही मीच लिहिल्या. 'वारंवार तोंडी सूचना देऊनही' हे शब्द माझेच. शेवटी त्याच्या वरिष्ठांनी त्याला खुलासा विचारला, की तुमची वार्षिक वेतनवाढ का रोखण्यात येऊ नये?

पण त्याच्याआधीची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

ज्या कचेरीत लिंक खरोखरच अधूनमधून जाते, तिथं ती कधी गेलीय आणि कधी नाही, हे काउंटरच्या अलीकडच्याला माहीत असतं, पलीकडच्याला नाही. तेवढ्या फटीत माणसाचा सगळा स्वभाव मावतो. जेवणाची सुट्टी दहा मिनिटं वाढवायचीय? लिंक नाही. समोरचा फार प्रश्न विचारतोय? लिंक नाही. आम्ही सगळेच हे करत होतो. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांना येत होतं.

२९ मार्च २००४, सोमवार. मार्चअखेर दोन दिवसांवर. आणि तिकडे मुलतानला पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत वीरेंद्र सेहवाग आदल्या दिवशी नाबाद २२८. भारताच्या कोणत्याही फलंदाजानं तोवर कसोटीत त्रिशतक काढलेलं नव्हतं. आता सांगा, अशा दिवशी काउंटरवर बसणं हे कोणत्या नीतिशास्त्रात बसतं?

मी उठणार तेवढ्यात एक म्हातारी आली. दोन-तीन मैलांवरच्या वस्तीवरून चालत यायची. तिला आठशे रुपये काढायचे होते. एका शेळीचा सौदा ठरला होता, आणि इसार आजच द्यायचा होता. तिनं खिडकीतून विचारलं, "भाऊ, लिंक शे का?"

लिंक होती. माझ्यासमोर पडद्यावर टवटवीत होती. मी म्हटलं, "नाही, माय."

"बरं," ती म्हणाली.

समोरच्या चहाच्या टपरीवर टीव्ही होता. निम्मी बाजारपेठ तिथं जमली होती. आणि त्या पठ्ठ्यानं सकलेन मुश्ताकला षटकार मारून तीनशे पुरे केले. टपरीत असा काही गदारोळ उठला, की कपबशा खणखणल्या. मी एका अनोळखी माणसाला मिठी मारली. मिठी सोडवून मागं वळलो, तर टपरीच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन ती म्हातारी बसलेली. आमचा आरडाओरडा ऐकून तिचा चेहरा उजळला होता. ती उठत म्हणाली, "लिंक उनी का, भाऊ?"

एवढ्या लोकांना एकदम इतका आनंद होण्यासारखी दुसरी कोणती गोष्ट तिच्या डोळ्यांसमोर नव्हती.

मी म्हटलं, "नाही माय, अजून नाही." आणि मग अर्ध्या तासानं खिडकीत बसून, लिंक 'आल्यावर', तिला पैसे दिले. शेळी तोवर दुसऱ्यानं नेली होती. हे मला तिनंच पुढच्या वेळी सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, बातमी म्हणून.

त्याच दिवशी सेहवाग ३०९ वर बाद झाला, आणि पुढं तेंडुलकर १९४ वर नाबाद असताना भारताचा डाव घोषित झाला. त्या संध्याकाळी आमच्या शाखेत यावरून अटीतटीचं भांडण झालं. डाव 'घोषित झाला' म्हणजे काय? आपोआप झाला? कोणी केला? द्रविड हंगामी कर्णधार होता, मग जबाबदारी त्याची की आणखी कोणाची? मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो, "जो निर्णय घेतो, त्यानं पुढं येऊन 'मी घेतला' असं म्हटलं पाहिजे!" सगळ्यांना पटलं. मलाही.

आता मे महिना. लाइनमनच्या खुलाशावर त्याच्या वरिष्ठांनी आमच्याकडून एक दाखला मागवला, की शाखेतली सर्व यंत्रसामग्री तपासली असून ती निर्दोष आहे. साहेबांनी मला तो तयार करायला सांगितला. रविवारी निवांत जाऊन मी तो टाइप केला आणि छापायला दिला. छापून आलेल्या कागदावर 'तपासली असून' हे शब्द वाचले, आणि मनात एक पाल चुकचुकली. सदसद्विवेकबुद्धीची नव्हे, ऑडिटची. उद्या कोणी विचारलं, कशी तपासली, तर? म्हणून साहेबांच्या केबिनमधला मॉनिटर उचलून आणला आणि कित्येक महिन्यांनी प्रथमच गेटवेला जोडला.

पडद्यावर एक चौकट उघडी होती. मजकूर इंग्रजीत होता, पण सरळ होता. तुमचा पत्ता दुसरं एक यंत्र वापरत आहे, असं गेटवे म्हणत होता. तोंडावर पट्टी बांधलेला तो शिपाई इतके दिवस ओरडून हेच सांगत होता.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो. १९२.१६८ नं सुरू होणारे क्रमांक १९९४ साली घरगुती वापरासाठी राखून ठेवले गेले. जगात कोणीही आपल्या कचेरीत ते वापरावेत. वाड्यातल्या खोल्यांचे नंबर म्हणा ना. दोन वाड्यांत पाच नंबरची खोली असली तर बिघडत नाही. एकाच वाड्यात दोन असल्या की टपाल भलतीकडे जातं. आणि यंत्रं एकमेकांना शोधतात कशी? ही रीत १९८२ साली डेव्हिड प्लमर यांनी घालून दिली. एक यंत्र मोठ्यानं विचारतं, "२५४ नंबर कोणाचा?" जो "माझा" म्हणेल, त्याचं खरं मानायचं आणि काही मिनिटं लक्षात ठेवायचं. पुरावा मागायचा नाही, शपथ घालायची नाही. म्हणेल ते खरं. नामपूरच्या बाजारात "आप्पा!" अशी हाक मारावी आणि जो वळून बघेल त्याच्या हाती पैसे द्यावेत, तसं.

आमचा गेटवे २५४ होता. आणि ऑगस्ट २००३ मध्ये मुख्य कचेरीकडून एक जुना प्रिंटर आला होता. "कोणाचा नसेल असा एक नंबर द्या," असं फोनवर सांगण्यात आलं होतं. प्रिंटरच्या बटणांवर तो नंबर घालणारा माणूस हुशार होता. त्यानं विचार केला, शेवटचाच देऊन टाकू, तिथवर कोण जातंय? शेवटचा नंबर २५४. एसटीत एक जागा रिकामी दिसली म्हणून आपण खुशाल बसावं, आणि ती वाहकासाठी राखीव निघावी.

तो हुशार माणूस कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल.

आता सगळं सरळ दिसू लागलं. प्रिंटर एरवी बंद असे. गर्दीच्या दिवशी खातेउतारे छापायला तो चालू व्हायचा, आणि सहाही यंत्रं मुख्य कचेरीचे निरोप बिचाऱ्या प्रिंटरच्या हाती देऊ लागायची. प्रिंटर त्यांचं काय करणार? छपाई संपून तो बंद झाला, की लिंक परत. कधीकधी प्रिंटरही रुसायचा. पण रुसणं हा प्रिंटरचा धर्मच असल्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं कळसा काखेत मीच ठेवला होता, आणि वळसा लाइनमनला घालायला लावला होता.

मी प्रिंटरचा नंबर ५० केला आणि गेटवे बंद करून पुन्हा चालू केला. या वेळी उपास फळला. दोन मिनिटांचं काम. मग तो 'निर्दोष' दाखला हातात घेऊन बराच वेळ बसून राहिलो. दाखला आता खरा होता. अर्ध्या तासापूर्वी खोटा होता. छापला तोच प्रिंटर चालू करून, त्यामुळे तो छापताछापताच खोटा पडला होता.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "कशी काय सुधारली हो?"

मी म्हटलं, "एक सेटिंग राहून गेलं होतं."

आपली मराठी भाषा मोठी दयाळू आहे. पोरगं कप फोडतं आणि म्हणतं, "आई, कप फुटला." गॅसवर लक्ष नसतं आणि दूध 'उतू जातं'. एसटी 'चुकते', चष्मा 'हरवतो'. फारच गळ्याशी आलं तर "माझ्या हातून चूक झाली" म्हणायचं, म्हणजे दोष मनगटापर्यंतच राहतो; वर खांद्याला, डोक्याला झळ नाही. या भाषेत सेटिंग राहून जाऊ शकतं. स्वतःहून.

साहेब म्हणाले, "छान. आता लिंक आहे ना? मग तो दाखला देऊन टाका. यंत्रसामग्री निर्दोष आहेच आता." यात त्यांचा दुष्टपणा नव्हता. फाइल मिटत होती.

आमच्या तालुक्याच्या गावी, सटाण्याला, देवमामलेदार यशवंतराव महाराजांचं मंदिर आहे. मामलेदार म्हणजे सरकारी नोकर. नोकरी करून देव झालेला माणूस मला दुसरा माहीत नाही. नोकरीत स्वतःला देव समजणारे पुष्कळ भेटले. १८७०-७१ च्या दुष्काळात या गृहस्थांनी सरकारी खजिना भुकेल्या लोकांना वाटला, असं सांगतात. तपासणी आली तेव्हा खजिना भरलेला निघाला, ही त्या कथेतली श्रद्धेची बाजू. माझं लक्ष दुसऱ्या बाजूकडे जातं. 'वरून हुकूम नाही' हे त्या काळातलं 'लिंक नाही' होतं. ते म्हणायची त्यांना पूर्ण सोय होती. कोणी दोष दिला नसता. त्यांनी म्हटलं नाही, एवढंच.

मी काही देवमामलेदार नव्हे. दाखला खणात ठेवला आणि दोन दिवस काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी लाइनमन आपणहून आला. लिंक चालू असल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. खूश होता. "बघा साहेब, लाइन क्लिअरच व्हती," म्हणाला, आणि मग जरा घुटमळून, "तेवढं दोन ओळी लिहून देता का? वेतनवाढीचं शे."

मी ताबडतोब कागद ओढला आणि सुंदर अक्षरात लिहिलं: 'सदर बिघाड हा या कार्यालयातील अंतर्गत दोषामुळे उद्भवला असल्याचे निदर्शनास आले आहे.' वाक्य वाचून मला समाधान वाटलं. त्यात सगळं होतं; फक्त मी नव्हतो.

त्यानं कागद हातात घेऊन दोनदा वाचला. मग विचारलं, "अंतर्गत म्हणजे कोन, भाऊ?"

त्यात टोमणा नव्हता. वरचे विचारतील, तेव्हा काय सांगायचं, एवढंच त्याला हवं होतं. नऊ महिने मी त्याला विचारत होतो, लाइन क्लिअर आहे तर मग दोष कोणाचा? तोच प्रश्न त्यानं परत केला, आणि आता उत्तर नसलेला माणूस मी होतो.

कागद परत घेतला आणि खाली एक ओळ लिहिली: 'प्रिंटरला चुकीचा क्रमांक मी दिला होता.' आयुष्यात इतकी पत्रं लिहिली, पण 'मी' हे अक्षर लिहायला एवढा वेळ कधी लागला नव्हता. त्यानं ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि म्हणाला, "व्हतं असं." मला वाटतं, तो माझ्यावर चिडला असता तर जास्त बरं वाटलं असतं.

पुढं फार काही घडलं नाही. त्याची वेतनवाढ रोखली गेली नाही. मला एक मेमो मिळाला. तोही त्याच गेटवेतून आला, न अडखळता. शाखेतली मंडळी मात्र बरेच दिवस माझ्याशी तुटक वागत होती. लिंक बारमाही झाल्यामुळे जेवणाची सुट्टी घड्याळाप्रमाणे झाली होती.

त्या दिवसांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पूर्ण बंद पडलेलं यंत्र माणसाला बिघडवत नाही, आणि उत्तम चालणारंही नाही. माणूस बिघडतो तो कधी चालणाऱ्या, कधी न चालणाऱ्या यंत्राजवळ. त्याच्या आडोशाला सगळ्यांची खोटी कारणं सुखानं नांदतात, कारण त्यांतलं एखादं कधीकधी खरंही असतं. बिघाड शोधायला नऊ महिने लागले ते माझ्या अज्ञानामुळे, असं मी सांगत आलो. पण तो सापडावा असं आमच्यापैकी किती जणांना मनापासून वाटत होतं, हा प्रश्न मी कोणाला विचारलेला नाही.

माझी बदली होईपर्यंत ती म्हातारी येत होती. लिंक चांगली चालते, हे सगळ्या गावाला माहीत झालं होतं, तरी खिडकीशी आली की सवयीनं विचारायचीच, "भाऊ, लिंक शे का?" मी म्हणायचो, "शे, माय." ती म्हणायची, "बरं." ज्या सुरात तिनं त्या सोमवारी म्हटलं होतं, त्याच सुरात. तिच्या लेखी दोन्ही वेळा मी खरंच बोललो होतो.

लाइनमनला मी लिहून दिलं, कारण त्यानं मागितलं. हिनं कधी काही मागितलंच नाही. त्यामुळे शेळीचं तिला सांगायचं राहून गेलं.

नाही, राहून गेलं नाही. मी सांगितलं नाही.